पाहुणचाराचा हप्ता

"सोफा आहे तुमच्याकडे," आरोग्यनिधीच्या खिडकीतली बाई म्हणाली. "नक्षीच्या कपबश्या, भिंतीवर घड्याळ. बाबा, तुम्ही श्रीमंत आहात."

मकोखाला ही बातमी चौसष्टाव्या वर्षी कळली. काकामेगा गावच्या बाजारात पत्र्याच्या पेट्या ठोकून ठोकून त्याची बोटं वाकली होती. घरातलं सामान पाहून आरोग्यनिधीचा वर्षाचा हप्ता ठरला होता अठरा हजार शिलिंग, तोही एकरकमी. तो भरल्याशिवाय बायकोच्या, नांजालाच्या, पित्ताशयातल्या खड्यांना सरकारी दवाखाना हात लावणार नव्हता.

"सोफा शेजारच्या हेडमास्तरांचा. कपबश्या चर्चच्या."

"मग तुमच्या घरी काय करत होत्या?"

"पाहुणी येणार होती ना! तुमचीच पोरगी, पाहणीला. तिला काय जमिनीवर बसवायचं?"

त्या दिवशी अख्खी वस्ती राबली होती. घड्याळ बंद होतं, पण भिंत शोभत होती. कोंबडी कापली होती. पोरीने बोटं चाटली, हात पुसले आणि 'आहारात मांस' या रकान्यात खूण केली.

"पगारदाराचा हप्ता मालकाने महिन्याच्या महिन्याला भरायचा असतो ना?" मकोखाने विचारलं. "मी लुबांगा शेठकडे एकोणीस वर्षं पेट्या ठोकतोय."

"लुबांगांनी लिहून दिलंय, तुम्ही त्यांचे नोकर नाही. तुम्ही स्वतःच स्वतःचे मालक."

"मी मालक? मग परवा पाच मिनिटं उशीर झाला म्हणून मला झापलं कुणी? मीच?"

बाई हसली नाही. "फेरपाहणीचा अर्ज करा."

फेरपाहणीला तीच पोरगी आली. या खेपेला मकोखाने घर उघडंबोडकं ठेवलं होतं. नांजाला एक हात बरगडीखाली दाबून चुलीकडे निघाली.

"चहा टाकू नकोस," तो कुजबुजला. "साखर मोजतात."

"मोजू देत. माझ्या दारातून कुणी कोरडं गेलेलं नाही."

पोरगी खाली मान घालून पत्र्याच्या मगातून चहा प्यायली. मग हातातल्या यंत्रात बघत विचारू लागली. "सोफा?"

"नाही."

"घड्याळ?"

"नाही."

"कोंबड्या?"

अंगणात एक होती, आणि नेमकी तीच ओरडत होती.

नांजाला भिंतीच्या आधाराने बाहेर गेली. परतली तेव्हा कोंबडीचे पाय केळीच्या सोपटाने बांधलेले होते. तिने ती पोरीच्या मांडीवर ठेवली.

"मागच्या वेळी रिकाम्या हाताने गेलीस. ही घरी ने, पोरी. आईला दे."

"आजी, मला नाही हो घेता येत..."

"पाहुणीने नाही म्हणायचं नसतं."

"आता लिही," मकोखा म्हणाला. "कोंबड्या, एकही नाही."

पोरीचं बोट रकान्यावर थबकलं ते थबकलंच. कोंबडी तिच्या मांडीवर निवांत बसली होती. नांजाला दाराची चौकट घट्ट धरून उभी होती. पाहुणी उठेपर्यंत घरच्या बाईने बसायचं नसतं.