दादाचा चिमटा आणि समुद्रफुलं

दुकान बंद केल्यापासून आपल्याला घरात कुणी विचारत नाही, अशी घड्याळजी दादाची तक्रार होती. हे आपल्यालाच दिवसभर फार विचारतात, अशी त्याच्या बायकोची. त्यामुळे धाकट्या बहिणीची सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेली, तेव्हा वहिनीनंच तोडगा काढला. "यांना घेऊन जा. हात अजून कापत नाही यांचा. आणि मलाही जरा उसंत मिळेल."

बहीण समुद्री जीवांच्या प्रयोगशाळेत होती. समुद्रफुलं लहानमोठी शिकार कशी धरतात, हे ती तपासत होती. नावाला फूल, पण तो खडकाला चिकटून बसणारा प्राणी. मधोमध तोंड, भोवती बोटांसारख्या लवलवणाऱ्या शुंडा. शिकार लागली की शुंडा दंश करते आणि घास तोंडाकडे नेते.

"फूल म्हणे, आणि खातंय कोळंबी," दादा म्हणाला.

"नाव मी नाही ठेवलं. तू फक्त चिमट्यानं खाऊ सोड. चार टाक्यांत तिळाएवढा, चारांत वाटाण्याएवढा, चारांत अख्खी कोळंबी. बारीकपासून सुरुवात कर. बाकीचं कॅमेरा बघेल."

दादानं मान डोलावली. पण मोठं काम आधी हातावेगळं करायचं, ही त्याची चाळीस वर्षांची सवय. त्यानं कोळंबीपासून सुरुवात केली. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून तो एकेका टाकीवर असा वाकायचा, की जणू आतलं फूल दहा मिनिटं मागे पडलंय. बहीण शेजारच्या खोलीत चित्रफितींवर शुंडा मोजत बसायची.

आठवड्यानं ती कपाळाला हात लावून आली. "काहीतरी बिनसलंय, दादा. बारीक तुकड्याला एक-दोन शुंडा पुरतील असं मला वाटत होतं. इथे तिळासाठी अख्खं गाव गोळा होतंय."

"तुझा अंदाज चुकला असेल," दादा समजुतीच्या सुरात म्हणाला. "जास्त शिकलं की साधं दिसत नाही माणसाला."

पुढचे तीन दिवस तो तिला साधं कसं बघावं ते समजावत राहिला. तिला सायकल त्यानंच शिकवली होती, म्हणून ती ऐकून घेत होती.

चौथ्या दिवशी दादा टाकीवर वाकला, त्याला शिंक आली आणि भिंग डोळ्यावरून निसटून थेट एका समुद्रफुलावर पडलं. फुलानं क्षणाचाही विचार केला नाही. आजूबाजूच्या सगळ्या शुंडा वळल्या, कडा आत दुमडली, तोंड पसरलं आणि चाळीस वर्षांचं भिंग दिसेनासं झालं.

"अगं, खाल्लं यानं," दादा खालच्या आवाजात म्हणाला.

बहीण धावत आली आणि टाकीत डोकावून खुदकन हसली. "थुंकेल उद्यापर्यंत. काच काय पचणार आहे त्याला? पण ते काचेला भुललंच कसं? तुझ्या भिंगाला काय चव?"

दादानं बोटं नाकाशी नेली. कोळंबीचा वास. याच बोटांनी तो दिवसभर भिंग सारखं करत होता. मग त्याची नजर चिमट्यावर गेली, आणि चिमट्यावरून, फार सावकाश, बहिणीकडे.

"एक विचारू? मोठे घास आधी दिले आणि त्याच चिमट्यानं बारीक दिले, तर काही बिघडतं का?"

बहिणीनं चिमटा उचलून हुंगला. "म्हणजे माझ्या तिळांना तू रोज कोळंबीचा रस्सा लावत होतास."

"धुवायला तू सांगितलं नव्हतंस."

"नाही सांगितलं. जास्त शिकलं की साधं दिसत नाही माणसाला."

दादा हसला नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दुसऱ्या दिवशी समुद्रफुलानं भिंग बाहेर टाकलं, शेवाळी चिकट्यात गुंडाळलेलं. ते पुसायच्या आधी दादानं नवे तीन चिमटे आणले, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, आणि आतापर्यंतचं सगळं काम पुन्हा सुरू केलं, तिळापासून.

या खेपेला तिळाएवढ्या तुकड्यापुढे दोन शुंडा आळसावून वाकल्या आणि त्याला तोंडापर्यंत घेऊन गेल्या. बाकीच्या हलल्यासुद्धा नाहीत. वाटाण्याला दहा-बारा आल्या. कोळंबीला मात्र अख्खं फूलच तिच्या अंगावर ओणवं झालं. बहिणीनं आकडे दोनदा तपासले, मग आतून हाक मारली, "दादा, जमलं."

"वहिनीला फोन करून सांग," दादा चिमटे धूत म्हणाला. "आणि हेही सांग, अजून महिनाभर तरी माझ्यावाचून अडणार आहे."