वरचं बाळ

शिवणवालीच्या पोटात जुळं होतं, तेही एकाच वारेवरचं. मागच्या तपासणीत डॉक्टरबाईंना दोन बाळांमधला पडदा कुठेच दिसला नव्हता. सोनोग्राफीचं मशीन जुनं होतं, पण सगळा दोष त्याच्या माथी मारण्यात अर्थ नव्हता. पडदा नाही म्हणजे नाळा एकमेकींत गुंतायची भीती. म्हणून बाईंनी सांगून टाकलं होतं, दिवस जरा भरत आले की पोट उघडून दोघांना बाहेर काढू. तोवर वाट बघायची.

आज पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं. उताणं झोपताच तिला धाप लागली.

"बाई, कुशीवर होऊ का? जीव घाबरा होतोय."

"हो, सावकाश."

बाईंनी पोटावरचा प्रोब उचलला नव्हता. ती वळली तसं एक बाळ पाण्यातून खाली घसरलं. दुसरं, लहानगं, होतं तिथंच वर राहिलं, छताला टांगल्यासारखं.

बाईंनी प्रोब तिथेच दाबून धरला. पडदा होता. लहानग्याभोवती पाणीच उरलं नव्हतं, म्हणून तो त्याच्या अंगाला चिकटून दिसेनासा झाला होता. वारेतून त्याचं रक्त दुसऱ्याकडे चाललं होतं. ते दुसरं पाण्यात बुडालेलं, याचं मूत्राशय कोरडं ठणठणीत. नुसती वाट बघितली असती तर दोघंही हातची गेली असती.

"मागच्या वेळी मी चुकले," बाई म्हणाल्या. "पडदा आहे. चिकटून बसलाय."

"घामानं अस्तर चिकटतं, तसा?"

"अगदी तसाच."

"मग तेव्हा काय डोळे मिटून बघितलंत?" कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या.

"आई, अहो..."

"बोलू दे त्यांना," बाई म्हणाल्या. "वारेतल्या शिरा लेसरनं बंद करतात. ते इथे नाही, मोठ्या शहरात आहे, आणि या धापेनं ही तिथवर पोचायची नाही. सुईनं दुसऱ्याभोवतीचं जादा पाणी काढता येईल. रक्ताची वाट त्यानं बंद होत नाही, पण दिवस मिळतात. कळाही सुरू होऊ शकतात."

"दोन्ही राहतील, एवढं तरी म्हणा."

"तसं म्हणता येत नाही."

शिवणवालीनं छताकडे बघितलं. "काढा," ती म्हणाली.

पाठीत भूल द्यायला वापरतात ती लांब सुई पोटातून आत, तिला सलाईनची नळी, खाली बाटल्या. एक भरली की सिस्टर दुसरी लावायच्या. घाई करून चालणार नव्हतं. पोट एकदम उतरलं तर वार सुटते. बाई अधूनमधून नळी चिमटीत धरून थांबत. कळा आल्या नाहीत.

काही दिवसांनी पुन्हा बघितलं. पडदा आता धाग्यासारखा दिसत होता, आणि लहानग्याच्या ओटीपोटात एक काळा ठिपका.

"हे त्याचं मूत्राशय. भरलंय."

"म्हणजे मुतणार!" सासूबाई मशीनकडे वाकल्या. "मूत रे बाबा, लाजू नकोस!"

शिवणवाली हसली, तसं चित्र हललं. बाईंनी ते स्थिर होऊ दिलं आणि दुसऱ्या बाळाच्या बाजूला बघितलं. तिथे पाणी पुन्हा चढत होतं. त्यांनी सिस्टरना सुईची तयारी करायला सांगितलं.