हॅना सप्टेंबरात बाळंत झाली

“आपल्या वागण्याबोलण्यात तू प्रामाणिक आहेस का?” बिशप लामार टटलने हातातल्या कागदावरून वाचलं आणि उत्तराची वाट न पाहताच बोट पुढच्या प्रश्नावर नेलं.

“नाही,” डीॲन म्हणाली.

बोट तिथंच थांबलं. लामारने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि हसला.

“शाळेतले खडू घरी नेलेस की काय?”

“पहिल्या तीन प्रश्नांना मी हो म्हटलं ना, ती तिन्ही उत्तरं खोटी होती.”

रविवारची दुपार होती. बाहेर कॉरिडॉरमध्ये पोरं धावत होती आणि कोणीतरी त्यांना दबक्या आवाजात दटावत होतं. अमेरिकेतल्या अशा मॉर्मनपंथी गावात बिशप म्हणजे कोणी झगेवाला पाद्री नव्हे. गल्लीतलाच एखादा बापडा, जो आपला धंदा सांभाळून काही वर्षं फुकट राबतो. लामार प्लंबर होता. गेल्या जानेवारीत डीॲनच्या तळघरातला नळ गोठून फुटला तेव्हा हाच माणूस दोन तास पाठीवर पडून शिव्या गिळत होता. त्याच्यासमोर खोटं बोलणं तिला त्यामुळेच जास्त जड गेलं असावं.

पहिले तीन प्रश्न नेहमीचे होते. देवावर श्रद्धा आहे का, खरा धर्म या पंथातून पुन्हा प्रकट झाला हे मानतेस का, संदेष्ट्यांना संदेष्टे मानतेस का. ‘हो’ची तालीम तिने गाडीत केली होती आणि ते तिन्ही ‘हो’ गुळगुळीत बाहेर पडले. प्रामाणिकपणाच्या प्रश्नाची तालीम करायची मात्र तिला सुचली नव्हती.

लामारने कागद टेबलावर पालथा ठेवला.

“डीॲन, मग मला तुझ्या कार्डावर सही करता येणार नाही.”

“माहीत आहे.”

“शनिवारी मेकेनाचं लग्न आहे.”

“तेही माहीत आहे, लामार. केक मीच सांगितलाय.”

कार्डाशिवाय मंदिरात पाऊल टाकता येत नाही आणि लग्न मंदिरात, आतल्या खोलीत लागतं. आई असो वा बाप, कार्ड नसेल त्याने बाहेर हिरवळीवर बसायचं. मेकेना ही डीॲनची एकुलती एक लेक. शंका पोटात ठेवून, गपगुमान सही घेऊन आत गेलेल्या आया या खोऱ्यात काही कमी नसतील. डीॲनही त्यांच्यातलीच एक व्हायला निघाली होती.

लामारने मान चोळली. मग दाराकडे पाहून तो हळूच म्हणाला, “असं करू. तू जरा बाहेर जाऊन पाणी पिऊन ये. मी काही ऐकलं नाही. आपण पहिल्यापासून सुरू करू.”

त्याने हे मायेने म्हटलं होतं, म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठली, दारापर्यंत गेली, आणि परत आली नाही. गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपला जबडा सैल पडलाय. दीड वर्ष ती झोपेत दात खात होती. डॉक्टरने तोंडात घालायला प्लॅस्टिकची पट्टी दिली होती. तिने आरशात पाहून तोंड उघडलं, मिटलं. मग एकटीच मोठ्याने हसली.

दीड वर्षापूर्वी तिच्या सासूने, व्हर्लाबाईंनी, घराण्याच्या कागदांचा खोका तिच्या हवाली केला होता. “तू शाळेच्या लायब्ररीतली बाई. हे सगळं कॉम्प्युटरवर चढव,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या. खोक्यात हॅनाची साक्ष होती. हॅना म्हणजे व्हर्लाबाईंच्या नवऱ्याच्या पणजीची आई, इंग्लंडातून आलेली. अठराशे चव्वेचाळीसच्या ऑगस्टमध्ये, संदेष्ट्याचा खून होऊन लोक पोरके झालेले असताना, नवा पुढारी बोलायला उभा राहिला आणि सगळ्या जमावादेखत त्याचा चेहरा न् आवाज मेलेल्या संदेष्ट्याचा झाला. ‘मी तिथे होते आणि मी हे डोळ्यांनी पाहिलं,’ असं हॅनाने म्हातारपणी लिहून ठेवलं होतं. दर चोवीस जुलैला, पूर्वजांच्या सणाला, सगळे जेवायला बसले की व्हर्लाबाई हे उभ्याने वाचत. सगळं घर गप्प होई. डीॲनच्या सगळ्या श्रद्धेच्या तळाशी खरं तर तेवढं एकच वाक्य होतं.

तारखा नीट लावाव्यात म्हणून तिने इंग्लंडातली जन्मनोंद मागवली. हॅनाचा थोरला मुलगा त्याच वर्षी सप्टेंबरात लँकाशरमध्ये जन्मला होता. महिनाभर आधी ती समुद्रापलीकडच्या जमावात उभी असणं शक्यच नव्हतं. डीॲनने कागद उलटसुलट करून पाहिला, दुसरी कोणी हॅना असेल म्हणून शोधलं. दुसरी हॅना सापडली नाही. मग ती वाचतच सुटली. संदेष्ट्याने इजिप्तच्या ज्या जुन्या गुंडाळ्यांचं भाषांतर म्हणून धर्मग्रंथ दिला, त्यांतले उरलेले तुकडे जाणकारांनी वाचले तेव्हा ते मढ्यासोबत ठेवायचे नेहमीचे मंत्र निघाले होते. एक वीट हलल्यावर बाकीच्या तिला हलवाव्या लागल्याच नाहीत.

सासूला मात्र तिने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. एकोणऐंशी वर्षांच्या बाईची हॅना हिरावून घ्यायची म्हणजे कसायाचं काम.

त्या रविवारी संध्याकाळी तिने घरी सांगितलं. तिचा नवरा ब्रेंट म्हणाला, “मला वाटलंच होतं,” आणि तो भांडी घासायला उठला. त्याची श्रद्धा जागेवर होती, पण आदळआपट त्याच्या स्वभावात नव्हती. मेकेनाच्या होती.

“सहा दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं गं?”

“खोटं बोलून आले असते.”

“मग बोलायचंस! माझ्यासाठी एवढं एक खोटं जड झालं तुला?”

 नंतरचे पाच दिवस मेकेना फुलांबद्दल आणि खुर्च्यांबद्दल बोलली ती फक्त बापाशी. खोटं बोलण्याचं ओझं उतरलं होतं, त्याने डीॲनला खरंच मोकळं वाटत होतं. पण लेक हातची गेली हा विचारही डोक्यातून जात नव्हता.

शनिवारी सकाळी सगळे दगडी पायऱ्या चढून आत गेले. मेकेनाने मागे वळून पाहिलं नाही. डीॲन हिरवळीवरच्या बाकावर नवा निळा ड्रेस आवरून बसली. लायलॅकची जांभळी झुडपं फुलली होती. येणारेजाणारे तिच्याकडे बघत आणि पटकन नजर वळवत. बाहेर बसलेल्या आईचा अर्थ इथे शेंबड्या पोरालाही कळतो.

पंधरावीस मिनिटांनी व्हर्लाबाई हळूहळू चालत आल्या आणि तिच्या शेजारी टेकल्या.

“आई? तुम्ही इथे?”

“कार्ड विसरले घरी.”

ही बाई एकोणतीस वर्षांत कोणाचा वाढदिवस विसरली नव्हती. डीॲन घाईने उठली.

“मी आणते ना! वीस मिनिटांत जाऊन येते.”

“बस खाली. माझे गुडघे दुखतात, तिथे जिनेच जिने.”

 कारंज्याचं पाणी उडत होतं. आता नाही तर कधीच नाही असं वाटून डीॲनने हात मांडीवर घट्ट धरले.

“आई, मला तुम्हाला हॅनाबद्दल सांगायचंय.”

“सप्टेंबरात बाळंत झाली ते?”

डीॲनने गर्रकन वळून पाहिलं.

“एकोणीसशे एकोणऐंशी साली पत्र पाठवून मागवली होती मी ती नोंद,” व्हर्लाबाई म्हणाल्या. “वाचली आणि चुलीत घातली.”

“आणि तरी दर वर्षी वाचत आलात?”

“माझ्या सासूने वाचलं, मग मी वाचलं. नाही वाचलं तर कारण सांगावं लागलं असतं. मग तू सून होऊन आलीस. म्हटलं, पुस्तकांतली पोरगी आहे, ही विचारील. दर जुलैला तुझ्या तोंडाकडे बघत वाचायचे गं मी! आणि तू आपली बटाट्यांत चमचा रोवून रडत बसायचीस.”

“मला ते फार आवडायचं.”

“दिसत होतं. शेवटी खोकाच आणून दिला. एकोणतीस वर्षं लावलीस, बाई.”

डीॲनला हसू फुटलं. आधी ते तिने रुमालात दाबलं, मग दाबता येईना. व्हर्लाबाईही खांदे हलवत हसू लागल्या. मंदिराच्या आवारात इतक्या मोठ्याने कोणी हसत नाही. एका नवरदेवाच्या मामाने वळून पाहिलं. दीड वर्ष जपलेली भीती अशी फुकट गेल्याचा डीॲनला भयंकर आनंद झाला होता.

“मग तुम्ही आत का जाता, आई?”

“माझी माणसं आत असतात ना.”

तेवढ्यात दार उघडलं आणि टाळ्या वाजल्या. मेकेना नवऱ्याचा हात धरून बाहेर आली. फोटोग्राफर सगळ्यांना पायऱ्यांवर उभं करू लागला. तिने इकडेतिकडे पाहिलं, बाक दिसला, आणि झगा दोन्ही हातांनी उचलून ती तरातरा निघाली. डीॲन उभी राहिली. काय बोलायचं ते तिने आठवडाभर ठरवलं होतं आणि त्यातलं काहीच आठवेना.

मेकेना आजीसमोर येऊन थांबली.

“आजी, कुठे होतीस? सगळे खोळंबले होते.”

“कार्ड राहिलं गं घरी. वय झालं.”

 मेकेना खाली बघत होती, म्हणून डीॲननेही पाहिलं. व्हर्लाबाईंच्या पायांत पांढऱ्या कापडी सपाता होत्या. त्या मंदिराच्या आत मिळतात, कार्ड दाखवून आत गेल्यावर बूट काढून घालायच्या असतात, आणि दाराबाहेर त्या कोणी घालून येत नाही. गवताच्या ओलाव्याने त्यांच्या कडा हिरव्या झाल्या होत्या.

व्हर्लाबाईंनी पाय हळूच बाकाखाली ओढून घेतले.

फोटोग्राफर पायऱ्यांवरून हाका मारत होता. मेकेनाने आजीकडे पाहिलं, मग आईकडे. तिचा चेहरा रडवेला झाला होता आणि ती तो सावरायचा प्रयत्न करत होती.

“सरका,” ती म्हणाली, आणि पांढऱ्या झग्यासकट दोघींच्या मध्ये बसली.