तंबोऱ्यातले सेल

लोक परदेशातून चॉकलेटं मागवतात. यज्ञेश्वर पेन्सिल सेल मागवायचे. जपानचे, जर्मनीचे, थायलंडचे. कोणाचा भाचा विमानात बसणार असं कळलं की यांचा फोन गेलाच. हडपसरच्या कारखान्यात तीस वर्षं माल तपासून निवृत्त झालेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? धायरीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर सहा घड्याळं टिकटिकत, प्रत्येकाखाली देशाचं नाव लिहिलेली चिठ्ठी, आणि कुठला सेल किती टिकला याची नोंद एका निळ्या वहीत. चाचणीत अर्धेअधिक संपलेले सेल मग त्यांच्या बायकोच्या, उल्काच्या, वाट्याला येत. तिच्या रेडिओत, तिच्या टॉर्चमध्ये.

उल्का हसून सोडून द्यायची. माणूस चिक्कू आहे, वाईट नाही, असं ती मैत्रिणींना सांगे.

पण या खेपेला गोष्ट वेगळी होती. ज्येष्ठ नागरिक संघाच्या वर्धापनदिनाला ती गाणार होती, लग्नानंतर पहिल्यांदाच, म्हणजे चौतीस वर्षांनी. दोन महिने रोज सकाळी तिने तोडी घोटली होती. कार्यक्रम नेमका गुरुवारी, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे पुण्यात कोणाला सांगावं लागत नाही. तिचा तंबोरा म्हणजे इलेक्ट्रॉनिक डबा. त्यात सेल घालावे लागणार होते.

"अहो, या वेळी तरी नवे द्या हं."

"जपानी घालतो. सीलबंद पाकीट फोडतो तुझ्यासाठी," यज्ञेश्वर म्हणाले. त्या एका वाक्यावर ती दोन दिवस हवेत होती.

आलाप छान जमला. पहिल्या रांगेत यज्ञेश्वर फोन समोर धरून बसले होते. आपलं गाणं रेकॉर्ड करतायत, असं वाटून तिला भरून आलं. आणि मग षड्ज हलला. साथीला चैताली होती. तिची हार्मोनियम जागच्या जागी, आणि तंबोरा मात्र हळूहळू खाली घसरतोय. उल्का तंबोऱ्यावर विसंबून गाणारी, तीही घसरत गेली. कोणीतरी खोकलं. शेवटी डब्याचा आवाज घोगरा झाला आणि तो गपकन बंद पडला. तिचा गळाही तिथेच थांबला. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. याहून सरळ कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

"तुमच्या जपान्यांनी दगा दिला हो," घरी आल्यावर ती रडत म्हणाली.

"होतं असं कधीकधी," म्हणत यज्ञेश्वर हातपाय धुवायला गेले.

जपानी सेल असे कसे गेले ते बघावं म्हणून तिने वही उघडली. शेवटच्या पानावरची शाई ताजी होती.

"थायलंड, टॉर्चमध्ये पाच महिने वापरलेले. सलग भाराची चाचणी: उल्काचा तंबोरा. सूर उतरण्यास सुरुवात: ९ मि. १० से. पूर्ण बंद: ११ मि. ४० से. शेरा: समाधानकारक."

जपानी पाकीट कपाटात होतं, सीलसकट.

यज्ञेश्वर तोंड पुसत बाहेर आले. तिच्या हातात वही बघून ते ओशाळतील असं तिला वाटलं होतं. ते खूशच झाले.

"अगं, घड्याळ फार कमी करंट खातं, त्यावर काही कळत नाही. तंबोरा कसा सलग ओढतो! बघ, उतार अगदी सेकंदात धरता आला."

"म्हणजे फोनवर तुम्ही..."

"स्टॉपवॉच लावलं होतं."

चिक्कूपणा असता तर तिने तोही पचवला असता, चौतीस वर्षांची सवय होती. पण हा माणूस पहिल्या रांगेत बसून ती बेसूर व्हायची वाट बघत होता. सगळ्या सभागृहात सर्वांत आधी यालाच ते कळलं होतं.

"आणि गाणं?" तिने विचारलं. "गाणं कसं झालं माझं?"

यज्ञेश्वरांनी वही हातात घेतली, चष्मा लावला आणि पान नीट बघितलं.

"नऊ मिनिटं दहा सेकंदांपर्यंत ठीक असावं," ते म्हणाले.