सुलट्या पिळाची एकोणीस सीलं

तपास अधिकारी बाईंनी टेबलावर पाकिटं मांडायला घेतली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. प्रत्येक पारदर्शक पाकिटात तारेचा एक तुकडा आणि त्यावर दाबलेली शिशाची चपटी गोळी. ट्रक कारखान्यातून निघताना दाराच्या कडीत अशी तार ओवतात, तिला पीळ देतात आणि टोकांवर शिसं पकडीनं दाबतात. तार शाबूत तर माल शाबूत, असा जगाचा समज. त्या समजावर डावऱ्यानं बावीस वर्षं संसार केला होता.

सील तोडायचं, दहातली एक पेटी उतरवायची आणि सील पुन्हा असं बसवायचं, की मुळात बसवणाऱ्यालाही शंका येऊ नये. हे काम म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. वाहनतळावर लोक आधी त्याला डावऱ्या म्हणत, मग डावरा. तीन वाहनतळ आणि चाळीस माणसं हाताखाली आल्यावर मालक. पाचही बोटं तुपात होती. बुडाला तो नीटनेटकेपणापायी. कारखान्यातला कारकून घाईत तारेला कधी चार वेढे देतो, कधी सहा. डावरा नेमके सात द्यायचा, आणि डावखुरा असल्यामुळे उलट्या दिशेनं. प्रयोगशाळेत कुणीतरी वेगवेगळ्या कारखान्यांची दोनशे सीलं भिंगाखाली धरली, तर सगळ्यांना उलटे सातच वेढे.

आता तो माफीचा साक्षीदार होता. अट सरळ होती. सगळी नावं द्यायची. एक जरी लपवलं, तरी माफी रद्द आणि वीस वर्षं आत. तीन आठवड्यांत त्यानं एकोणचाळीस नावं दिली होती. आईच्या आजारपणात ज्यानं दोनदा रक्त दिलं, त्याचंही. प्रत्येक नावानंतर तो थोडा थांबून बघायचा, आत काही हलतंय का. काही हलायचं नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर आपलाच ओठ दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं.

चाळिसावं नाव मेहुण्याचं होतं. बायकोचा धाकटा भाऊ. दहा वर्षांपूर्वी डावऱ्याचं डावं मनगट मोडलं, तेव्हा दोन महिने मेहुण्यानं काम सांभाळलं. एकोणीस ट्रक. मग त्यानं हात झटकले, सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. दोन मुली होत्या त्याला.

"बाकी कुणाचीही नावं घ्या," सरकारनं राहायला दिलेल्या फ्लॅटमध्ये पहिल्याच दिवशी बायको म्हणाली होती. "तेवढं एक सोडून. आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही मी."

"विचारलंच तर?"

"तर सांगा, डावा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून उजव्यानं केलं. खोटं कोण म्हणेल?"

ब्रेडच्या पाकिटांच्या तारा साठवून त्यानं उजव्या हातानं सरावही केला होता. अगदीच वाईट जमत होतं असं नाही.

"नंतर सापडलेल्या या एकोणीस सीलांचा पीळ सुलटा आहे," बाई म्हणाल्या. "वेढे मात्र सातच. हे कुणाचं काम?"

"माझंच, मॅडम. मनगट मोडलं होतं. दवाखान्याचे कागद आहेत तुमच्याकडे."

बाईंनी कागद काढले, तारखा ताडून पाहिल्या. जुळत होत्या. दाराशी बसलेला पहारेकरी जांभई देत म्हणाला, "मालक म्हणजे दोन्ही हातांनी खाणारे."

बाईसुद्धा हसल्या. पेनाचं टोपण काढून त्या लिहू लागल्या. लिहिता लिहिता, बहुधा सहजच, म्हणाल्या, "तरीच. कच्ची वाटतात जरा ही."

हो म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं.

"कच्ची?" डावरा म्हणाला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्या छातीत काहीतरी गरम झालं. त्यानं एक पाकीट उचलून उजेडात धरलं. "कुठे कच्ची? पीळ बघा, वेढ्यावेढ्यांत अंतर सारखं. शिसं एका दाबात बसलंय. दोनदा दाबलं की कडेला ओठ फुटतो, तो आहे का कुठे? पंधरा दिवस घासून घेतलंय मी त्याच्याकडून—"

पेन थांबलं.

डावऱ्यानं पाकीट परत जागेवर ठेवलं, रांगेत, कडेला कड लावून. ते गरम काहीतरी गेलं होतं. तो आत शोधत राहिला, पण सापडलं नाही.

"कुणाकडून?" बाईंनी विचारलं. आवाज चढवला नाही.

त्यानं नाव सांगितलं. दुकानाचा पत्ताही सांगितला.

तो फ्लॅटवर परतला तेव्हा बायको पडद्याची कड दुमडून शिवत होती. पडदे सरकारी, लांबीला जास्त.

"विचारलं?"

"विचारलं."

"प्लास्टरचं सांगितलंत ना?"

"सांगितलं. पटलंही त्यांना."

तिनं सुटकेचा श्वास सोडला आणि दोरा दातानं तोडला. तो चपला काढत तिथेच उभा राहिला.

"मग त्या म्हणाल्या, काम कच्चं आहे."

बायकोनं वर पाहिलं. बावीस वर्षं तिनं या माणसाला टेबलावरचे चमचे सरळ करताना पाहिलं होतं, त्यामुळे पुढचं काही विचारावं लागलं नाही.

"म्हणू द्यायचं होतंत," ती म्हणाली.

"हो."

"नुसतं म्हणू द्यायचं होतंत हो."

ती उठून दाराकडे गेली. बाहेरच्या पहारेकऱ्याला म्हणाली, भावाला एक फोन लावायचा आहे, एकच मिनिट. तो म्हणाला, "ताई, फोनला परवानगी नाही, माहीत आहे ना तुम्हाला?" ती म्हणाली, माहीत आहे. तरी तिथेच उभी राहिली.

डावरा टेबलाशी बसला. पडद्याची एक बाजू तिनं शिवली होती, दुसरी लोंबत होती. सुई तशीच कापडात होती. त्यानं दोन्ही कडा जुळवून पाहिल्या. बोटभर फरक होता. त्यानं टाके उसवायला घेतले.