छत्तीस फोटोंचा रोल

देवरावाने आठवडाभर कचेरीत दुसरं काम केलं नाही. उमरेडच्या स्थळाला बहिणीचा, अनुसयेचा, फोटो पाठवायचा होता, आणि शेजारच्या टेबलावरचे चंपतराव आपल्या दोनपैकी एक कॅमेरा उसना द्यायला तयार होते. एकात जाड रोल : फोटो बाराच, पण निगेटिव्ह ऐसपैस. दुसऱ्यात बारीक रोल : निगेटिव्ह पोस्टाच्या तिकिटाएवढं, पण फोटो छत्तीस. हेडक्लार्क जाड रोलच्या बाजूचे, शिपाई बारीक रोलच्या. शेवटी देवरावाने तिप्पट फायदा पाहिला आणि छत्तीसवाला आणला.

शनिवारी सकाळी गोळीबार चौकातल्या घरी अनुसयेचा फोटो निघाला. संध्याकाळच्या मोटारीने भैयाजीमामा तो उमरेडला नेणार होते. देवराव रोल धुवायला निघाला, तोच मागावर बसलेल्या बापाने, जागेश्वरने, धोटा थांबवला.

"भरला का गा तो?"

"एकच काढला, बाबा."

"मंग? ताणा संपल्याबिगर आपण कापड उतरवतो का?"

कोष्ट्याच्या घरातला हा कायदाच. देवराव रोल भरायला गल्लीत उतरला. गल्ली खूश झाली, पण तशीच उभी राहीना. शेजारची रंभाबाई म्हणाली, "थांब बापू, नवं लुगडं नेसून येतो," आणि तासभर आलीच नाही. देवराव उन्हाकडे पाहायचा, घड्याळाकडे पाहायचा, मग बकरीचा फोटो काढायचा.

दुपारी आकडा छत्तीसवर आला. खटका दाबला तर सदतीस. मग अडतीस.

"चांगला निघाला रोल," बाप म्हणाला.

रोल संपला की खटका अडायला हवा, हे देवरावाला मात्र ठाऊक होतं. सायकल हाणत त्याने धरमपेठेतला स्टुडिओ गाठला. स्टुडिओवाला अंधाऱ्या खोलीत जाऊन लगेच बाहेर आला. रोलचं टोक आतल्या चक्रीत अडकलंच नव्हतं. सकाळपासून रोल जागचा हलला नव्हता.

घरी मामा पिशवी घेऊन दारातच उभे होते.

"आण लवकर. मोटार सुटून राहिली माही."

देवरावाने खाली मान घालून सगळं सांगितलं. मग जागेश्वरने विचारलं, "म्हंजे रोल कोराच हाय? वाया नाही गेला?"

"नाही, बाबा."

"मंग झालं तं," बाप म्हणाला, आणि धोटा पुन्हा सुरू झाला.

फोटोसाठी सकाळी नेसलेलं ठेवणीतलं लुगडं सावरत अनुसया पुढे आली.

"मामा, उमरेडवाल्याहिलेच इकडं बोलवा. मी बी पाहून घेतो पोराले."