गवतातला काटा

आमच्या ह्यांचा पाय कशानं गेला, असं कोणी विचारलं की माझं उत्तर तयार. गवत कापताना काटा घुसला, तो चिघळला. दहा वर्षं हेच सांगत आले, आणि कोणी जास्त खोदून विचारलं तर त्याच्या अंगावर धावून गेले. पाय गेला, मागोमाग माणूसही गेला. खरं म्हणजे त्यांना शुगर होती. पण जयराम गवतवाल्याच्या घरात शुगर आहे असं पसरलं असतं, तर माझ्या कुणालीला कोणी सून करून नेलं असतं? पोरं लहान, त्यांच्या तोंडून फुटेल म्हणून त्यांनाही काटाच सांगितला.

मंगळवारी गावच्या शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. मी विपुलला घेऊन गेले. माझा थोरला, बावीस वर्षांचा, गवताची गासडी एकटा ट्रकवर चढवतो. प्रेमाबाईही सोबत आल्या. कुणालीच्या होणाऱ्या सासूबाई, रविवारच्या सुपारीचं ठरवायला म्हसा गावाहून आलेल्या.

दर्शना नावाच्या डॉक्टरीणबाईंनी विपुलच्या एका दंडाला पट्टा बांधला, दुसऱ्या हातात स्प्रिंगची मूठ दिली. म्हणाल्या, "आवळून धर, सोडू नको." जोर लावल्यावर प्रेशर किती चढतं ते बघायचं होतं. आईबापांना शुगर असली तर पोरांचं जास्त चढतं का, तेही.

"ह्यात काय गो मोठं, आये!" विपुल हसला.

बाईंनी आकडा बघितला. थोडं थांबून पुन्हा मूठ आवळायला लावली.

"खालचा आकडा अठ्ठ्याहत्तरवरून एकशे अठरावर गेला. घरात कोणाला शुगर?"

"नाय. बाबा काट्यानं गेला," विपुल म्हणाला. अगदी मनापासून सांगत होता बिचारा.

"बरं. मग अधूनमधून प्रेशर बघत जा. घरात शुगर असती तर आजच रक्त घेतलं असतं, पुढंही बोलावत राहिले असते." त्यांनी त्याचा कागद तपासून झालेल्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला.

मी मागं वळून बघितलं. मागच्या बाकावर प्रेमाबाई. घरी कुणाली नव्या साडीला फॉल लावत बसलेली. आणि समोर हे पोर, बापासारखंच रुंद खांद्याचं. बापही असाच धडधाकट होता हो!

"थांबा बाई," मी ओरडलेच. "काटाबिटा काय नाय. ह्याच्या बापाला शुगर होती. मी लपवलं."

प्रेमाबाई उठल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. गेलं, म्हटलं, पोरीचं लग्न गेलं. मला वाटलं, आता विपुल बहिणीच्या लग्नावरून भडकेल. तो भडकला नाय. दंडाला पट्टा तसाच.

"आये, तू रानात गेलीस की बाबा माझ्याकडं गूळ मागायचा. आयेला सांगू नको म्हणायचा. मी रोज द्यायचो गो. आजारी आहे म्हणून मोठा खडा द्यायचो."

तेव्हा गुळाची ढेप घटायची, नि मी उंदरांना शिव्या घालायचे. देवा रे!

"तुझी चूक नाय रे राजा," एवढंच म्हटलं. "माझी आहे."

बाईंनी कागद गठ्ठ्यातून परत काढला. सुईसाठी विपुलनं हात पुढं केला. माझ्याकडं मात्र त्यानं बघितलं नाय.